स्तनद्वेष : एका शब्दाचा मागोवा

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालग्रहांची लक्षणे सांगणारा एक अध्याय आहे. ग्रह एकूण नऊ, आणि त्यांपैकी प्रत्येकाने पछाडलेले मूल कसे दिसते ह्याचे त्यात नेमके वर्णन आहे. स्कंदग्रहाने धरलेल्या बालकाचे डोळे सुजतात, अंगाला रक्तासारखा वास येतो, तोंड वाकडे होते; आणि ह्या लक्षणांच्या रांगेतच एक विशेषण येते, 'स्तनद्विट्'. म्हणजे स्तनाचा द्वेष करणारे. पुढे अंधपूतनेच्या लक्षणांतही मूल स्तनाचा द्वेष करते असेच म्हटले आहे. आपल्या घरांतील बायका ह्याच गोष्टीला साध्या शब्दांत 'बाळ अंगावर पीत नाही', 'बाळ ओढत नाही' असे म्हणतात. पीत नाही हे नुसते निरीक्षण झाले. द्वेष करते म्हटले की मात्र त्या तान्ह्या जिवाला एक इच्छा चिकटते, इच्छेमागे एक कारण उभे राहते आणि कारणामागे कोणीतरी दोषी. नवजात बालकाने स्तनाकडे तोंड फिरवणे ही घटना माणसाच्या इतिहासाइतकीच जुनी असणार. तिचा अर्थ लावताना दोषी म्हणून कोणाकोणाला उभे केले गेले, आणि ह्या शोधाच्या गलबल्यात खरे उत्तर किती वेळा हाताशी येऊन निसटले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम त्या ग्रहाकडेच पाहू. स्कंद म्हणजे कार्तिकेय. त्याची जन्मकथा रामायणाच्या बालकांडात आणि महाभारताच्या वनपर्वात येते. सहा कृत्तिका त्याला पाजायला पुढे आल्या, तेव्हा एकीचेही मन दुखावू नये म्हणून त्याने सहा मुखे धारण केली आणि सहाही जणींचे दूध प्यायला. स्तनपानाची एवढी ओढ असलेला दुसरा बालदेव आपल्या पुराणांत सापडणे कठीण. आणि तोच पुढे तान्ह्या मुलांना स्तनापासून तोडणारा ग्रह होतो! वनपर्वात तर हे ग्रह मुलाला सोळा वर्षांपर्यंत छळतात असे सांगितले आहे. पूतनेचीही गत अशीच. सुश्रुताच्या यादीत ती एक बालग्रह आहे, आणि भागवताच्या दशम स्कंधात विष लावलेला स्तन बालकृष्णाच्या तोंडी देणारी राक्षसी. एकीकडे तिच्या प्रभावाने मूल आजारी पडते, दुसरीकडे मूल तिचे दूध पिताना प्राणही शोषून घेते. पाजणारीबद्दलची खोल भीती मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. जिच्या हाती मुलाचा जीव तिच्याच हातून तो जाऊ शकतो, ही ती भीती.

परंतु ग्रहांचे हे वर्णन केवळ कल्पनेचा खेळ म्हणून बाजूला सारणे आम्हांला योग्य वाटत नाही. वाकडे तोंड, आखडणारे अंग, झटके आणि दूध ओढण्याचे थांबणे ही लक्षणे एकत्र आली की आजचा वैद्य सावध होतो. नवजात बालकाच्या धनुर्वाताची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच अशी आहे की मूल पहिले दोन दिवस नीट ओढते व रडते, आणि तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान त्याचे ओढणे बंद होऊन अंग ताठते. नाळ कशाने कापली आणि तिच्यावर काय लावले ह्यावर तेव्हा मुलाचे जगणे-मरणे ठरत असे. पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई कपाळावर ललाटलेख लिहून जाते म्हणून जागायचे, ह्या महाराष्ट्रातील प्रथांचा उगम काहीही असो. त्या रात्री नेमक्या ह्या धोक्याच्या दिवसांत येतात हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. कालपर्यंत पिणारे मूल आज तोंड उघडत नाही, जबडा आवळून धरते, आणि तिसऱ्या दिवशी घरात पाळणा रिकामा होतो, हे ज्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले त्यांना 'द्वेष' हा शब्द कठोर वाटला नसेल. मातेचा व नवजाताचा धनुर्वात भारतातून हद्दपार झाल्याचे 2015 साली प्रमाणित झाले. 'स्तनद्विट्' ह्या शब्दामागील सर्वांत भयंकर अर्थ त्या वर्षी मागे पडला, असे म्हणायला हरकत नाही.

काश्यपसंहितेत हा शब्द ग्रहांच्या तावडीतून थोडा सुटलेला दिसतो. कौमारभृत्याचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत खंडित रूपातच आला. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून तो 1938 साली छापला गेला. त्यात वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. बोलता न येणाऱ्या मुलाला कोठे दुखते आहे हे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. साहित्याच्या अभ्यासकांनीही एकदा वाचावे असे हे प्रकरण आहे, कारण भाषा नसलेल्याची भाषा वाचण्याचा तो प्रयत्न आहे. तेथे मुखरोगाच्या लक्षणांत लाळ गळणे, प्यायलेले दूध बाहेर टाकणे ह्यांच्याबरोबर स्तनद्वेषही येतो. म्हणजे मूल स्तन नाकारते ते तोंड दुखते म्हणून. त्याचा स्तनावर राग नाही आणि कोणी दैवतही कोपलेले नाही. सुश्रुतानेही अन्यत्र म्हटले आहे की मुलाचा जो अवयव दुखतो त्याला ते वारंवार हात लावते आणि दुसऱ्याने हात लावला की रडते. ग्रहांची यादी करणारी आणि हे टिपणारी परंपरा एकच आहे, हे विसरता कामा नये.

ह्या संहितांमधला आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग मात्र आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात मुलाला प्रथम स्तनाला लावण्याचा विधी दिला आहे. शुभ तिथी, दिशा, मंत्र हे सारे आहेच. पण त्याबरोबर सांगितले आहे की उजवा स्तन धुवावा आणि आधी थोडे दूध पिळून मगच मुलाच्या तोंडी द्यावा. तसे न केल्यास दुधाने ताठ झालेल्या स्तनातून एकदम आलेल्या धारेने मुलाला खोकला, धाप आणि ओकारी होते. धात्रीची निवड करताना तिच्या स्तनांच्या ठेवणीचाही विचार केला आहे: लोंबत्या स्तनाने मुलाचे नाक आणि तोंड झाकले जाऊन त्याचा जीवही जाऊ शकतो, असा इशारा तेथे दिलेला आहे. हे दोन मुद्दे वाचकांनी लक्षात ठेवावेत. स्तन ताठ नसावा आणि मुलाचे नाक मोकळे असावे. ह्यांत ना ग्रह आहे, ना दूषित दूध, ना आईचा स्वभाव. ज्याने खरोखर मुलांना पिताना पाहिले आहे अशा कोणाचे तरी हे शब्द आहेत. बहुधा ते एखाद्या सुइणीच्या तोंडून ग्रंथकाराच्या लेखणीत उतरले असावेत, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आणि त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, सारा घोटाळाही आहे. प्रसूतीनंतर तीन-चार दिवसांनी दूध उतरते, म्हणून तोवर मुलाला मध आणि तूप चाटवावे, असे सुश्रुत सांगतो. चरकाने मध-तूप चाटवून त्यानंतर लगेच उजवा स्तन द्यायला सांगितले आहे. सुश्रुताने मध्ये तीन दिवस घातले. ग्रीक वैद्य सोरेनसनेही दुसऱ्या शतकात आरंभीचे दिवस आईचे दूध टाळून मध द्यायला सांगितले आणि जन्मतःच स्तन द्यावा म्हणणाऱ्या दमास्तेसवर टीका केली. म्हणजे हा वाद एका देशाचा नव्हे. व्यवहारात मात्र जवळजवळ सर्वत्र उशीर करणारा पक्ष जिंकला.

आपल्याकडे तो आजीच्या रूपाने जिंकला. मधाचे बोट, गुळाचे पाणी, गुटी, आणि आईचा पहिला चीक पिळून टाकणे. चीक पिवळा व दाट म्हणून तो शिळा, नऊ महिने साठलेला असे समजले जाई. गंमत अशी की गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो. त्यातले बळ आपल्याला पक्के ठाऊक असते. बाईचा चीक मात्र आपण फेकत आलो. पहिल्या दिवसाचा तो चीक जेमतेम चमचा-दोन चमचे असतो, आणि नवजाताला एका वेळी त्याहून फार कमी पुरते. म्हणून 'दूधच नाही' ही हाकाटीही येथेच सुरू होते. मधाविषयी आज आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढणाऱ्या जंतूंपासून होणारा बॉट्युलिझम हा आजार 1976 साली ओळखला गेला. त्याचे जंतुबीज मधातून जाऊ शकते, म्हणून वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये असे डॉक्टर बजावतात. ह्या आजारात मुलाचे ओढण्याचे बळच हरपते. मुलाला जिभेवर गोडी यावी म्हणून दिलेल्या पदार्थानेच त्याचे पिणे थांबावे, ह्याहून क्रूर विपर्यास कोणता!

पण मधाचा नेहमीचा अपाय ह्याहून साधा होता, आणि आमच्या मते इतिहासाने तोच पाहिला नाही. चौथ्या दिवशी काय घडत असेल त्याची कल्पना करून पाहावी. मुलाचे पोट गोड पाण्याने भरलेले आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत नवजात जसे टक्क जागे असते तशी जाग आता राहिलेली नाही. इकडे आईला पान्हा फुटला आहे, कोणी ओढले नाही म्हणून स्तन दगडासारखे झाले आहेत, बोंड ताणून सपाट झाले आहे. असा स्तन तोंडात धरणे म्हणजे फुगवलेला फुगा दातांनी धरण्यासारखे आहे, आणि येथे तर दातही नाहीत. मूल एकदा प्रयत्न करते, दोनदा करते, तोंड फिरवते, रडते. मग चारही बाजूंनी बायका म्हणतात की बाळाला आईचे दूध रुचत नाही, किंवा हिला बोंडच नाहीत, किंवा कोणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात. द्वेष असा तयार होत असे. जन्माला येताना मुलाने तो बरोबर आणलेला नव्हता.

दोषाचा रोख शेवटी बहुतेक वेळा आईकडेच वळतो. त्यालाही ग्रंथाधार आहे. क्रोध, शोक आणि अवात्सल्य ह्यांनी स्त्रीचे दूध नाहीसे होते, असे सुश्रुताने लिहिले आहे. दुसरीकडे निदानस्थानात त्यानेच सांगितले आहे की अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेही दूध वाहू लागते. ह्या दुसऱ्या वाक्यातील निरीक्षण अचूक आहे. आपल्या भाषेने तर त्यासाठी 'पान्हा' हा एक स्वतंत्र शब्दच राखून ठेवला आहे. दूध असणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गाय पान्हा चोरते असेही आपण म्हणतो. वासरू मेलेल्या गाईपुढे त्याच्या कातड्यात पेंढा भरून उभे करणारा गवळी पान्ह्याचे शास्त्रच आचरत होता.

परंतु 'अवात्सल्य' ह्या शब्दाने केवढा अनर्थ केला असेल! दूध आले नाही, मूल ओढेना, म्हणजे आईला मायाच नाही, असा उलटा हिशोब त्यातून सहज निघतो. 1948 साली अमेरिकेत मायकेल न्यूटन आणि नाइल्स न्यूटन ह्या दांपत्याने ह्याचा छडा लावला. पाजताना आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, तिला गणिते घालायची, पायाचे अंगठे ओढायचे, आणि मुलाच्या पोटात किती दूध गेले ते वजनावरून मोजायचे, असा तो प्रयोग. प्रयोगातील आई स्वतः नाइल्सच होत्या. शांतपणी 168 ग्रॅम दूध पिणाऱ्या मुलाला अशा व्यत्ययात 99 ग्रॅमच मिळाले. ऑक्सिटोसिन टोचल्यावर व्यत्यय कायम असूनही आकडा 153 पर्यंत चढला. दूध आटले नव्हते, मायाही आटली नव्हती. भीतीने, दुखण्याने, लाजेने दार लावून घेतले होते. सुश्रुताने क्रोध आणि शोक ह्यांपाशीच थांबायला हवे होते. आणि सासरच्या माजघरात, चार जणींच्या नजरेखाली, पहिलटकरणीला मूल अंगावर घ्यायला लावणाऱ्यांनी हा प्रयोग आपल्या घरी कितीदा केला असेल ह्याचा विचार करावा.

आई पाजू शकली नाही तर धात्री. संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरावर झाला. सईबाईंच्या प्रकृतीमुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे ह्या त्यांच्या दूधआई झाल्या, असे परंपरा सांगते. धाराऊंचे नाव त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासात टिकले. त्याच काळातली म्हणून सांगितली जाणारी हिरकणीची कथा रायगड पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली गवळण आज एस.टी.च्या स्थानकांवरील हिरकणी कक्षांच्या नावात उरली आहे. ह्या दोन्ही कथांत मूल आतुर आहे, अडचण बाहेरची आहे. मराठी संतांनी विठ्ठलाला माउली करून पान्हा, तान्हे, स्तन्य ह्यांच्या उपमा मुक्तहस्ते वापरल्या, तेथेही मूल आतुरच असते. आई समोर आहे, दूध आहे आणि मूलच तोंड फिरवते आहे, ही घटना आमच्या वाचनात क्वचितच आली. तिला रूपक होता येत नाही, हे कारण असावे. भक्तीच्या भाषेत ती बसत नाही आणि वात्सल्याच्याही नाही. ती बाळंतिणीच्या खोलीतच राहिली.

त्या खोलीत एक वस्तू मात्र होती, बोंडले. चोच असलेली ती लहानशी वाटी, चांदीची किंवा पितळेची. तिने मुलाच्या ओठांशी दुधाची धार सोडायची. जे मूल ओढत नाही ते बोंडल्यावर जगे, आणि अशी जगलेली मुले पुढे अंगावरही पिऊ लागत. ह्या वस्तूकडे आपण पुन्हा येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या खोलीचे दार बाहेरून उघडले गेले. आनंदीबाई जोशी ह्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. विसाव्या-एकविसाव्या वर्षी, परदेशात, क्षयाच्या छायेत असलेली ही मुलगी आपल्या परंपरेचे जुने प्रसूतिविचार इंग्रजीत मांडत होती, हे चित्र आम्हांला फार अस्वस्थ करते. तिच्या दहा दिवसांच्या मुलाविषयी त्या शास्त्रापाशी किंवा तेव्हाच्या पाश्चात्त्य शास्त्रापाशी तरी काय उत्तर होते?

पाश्चात्त्य शास्त्र तेव्हा एका वेगळ्याच वळणावर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामिन देऊन अर्धवट गुंगीत प्रसूती करण्याची पद्धत रूढ झाली आणि 1914 नंतर अमेरिकेत तिचा गाजावाजा झाला. आई गुंगीत, मूलही गुंगीत. पुढे मुलांसाठी वेगळी दालने झाली आणि न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग ह्यांच्या शिकवणीने दर चार तासांनी, घड्याळ पाहून पाजण्याची शिस्त साम्राज्यभर पसरली. आजीने मधाने जे केले ते रुग्णालयाने भिंतीने आणि घड्याळाने केले. पहिली जाग पुन्हा वाया गेली, आणि ताठलेल्या स्तनाशी झोपाळू मुलाला भिडवण्याचा तोच खेळ पांढऱ्या चादरींवर सुरू झाला. अशा वेळी डब्यातील पावडर हाताशी होती. 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्द मराठी मध्यमवर्गात गुबगुबीत मुलाच्या कौतुकाचा होऊन बसला, ह्यातच त्या डब्याचे यश दिसते. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने बालअन्नाच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली आणि भारताने 1992 साली कायदाच केला. डब्यावरील गोंडस बाळाचे चित्र त्याने कायमचे पुसले.

उत्तर मात्र कायद्यातून येणार नव्हते, ते मुलांकडे पाहण्यातूनच यायचे होते. लंडनमधील डॉक्टर मॅव्हिस गंथर ह्यांनी 1955 साली 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. स्तनाला लावताच हातपाय झाडून झगडणाऱ्या मुलांना त्यांनी बारकाईने पाहिले होते. पिताना मुलाचा वरचा ओठ किंवा स्तन नाकपुड्यांवर दाबला गेला की त्याचा श्वास कोंडतो, ते झगडते, आणि एक-दोनदा असे झाले की पुढच्या वेळी स्तनाजवळ नेताच रडू लागते. म्हणजे ज्याला द्वेष म्हटले गेले ती गुदमरल्याची आठवण होती. नाक झाकले जाण्याविषयी सुश्रुताच्या ग्रंथात लिहिले गेले होतेच. ते धात्रीच्या शरीराचा दोष म्हणून लिहिले गेले, गंथर ह्यांनी ते मूल कसे धरले ह्याचा प्रश्न म्हणून मांडले. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे, कारण शरीर बदलता येत नाही आणि धरण्याची रीत बदलता येते. 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणाऱ्यांनी तो मूळ अध्याय वाचावा.

पुढचे पाऊल स्वीडनमध्ये पडले. रिगार्ड आणि अलाडे ह्यांचे निरीक्षण 1990 साली प्रसिद्ध झाले. जन्मताच मूल आईच्या उघड्या पोटावर ठेवून तसेच राहू दिले तर ते स्वतः स्तनापर्यंत सरकत जाते. अशा 38 मुलांपैकी 24 जणांनी पहिल्याच वेळी नीट धरले. वीस मिनिटांनी वजन-मापासाठी उचलून नेलेल्या 34 मुलांपैकी केवळ सात जणांना ते साधले. ज्या 40 मातांना कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पेथिडिन दिले होते त्यांची 25 मुले मुळीच प्यायली नाहीत. 1994 साली आणखी एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला आणि एक तसाच ठेवला. 30 पैकी 22 मुले न धुतलेल्या स्तनाकडे वळली. मूल वासावर चालते. सुश्रुतापासून रुग्णालयांपर्यंत सगळ्यांनी स्तन धुवायला सांगितले, आणि धुण्याबरोबर मुलाची वाटही पुसली.

मुंबईत ह्या विचाराला लवकर घर मिळाले. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. धाराऊंचे काम आता एका शीतपेटीत होऊ लागले. 2007 साली युनिसेफ आणि स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या बी.पी.एन.आय. ह्या संघटनेच्या महाराष्ट्र शाखेने नवजाताच्या ह्या सरपटण्यावर एक लघुपट काढला. हा लघुपट आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. त्यात संवाद नाही म्हणावा इतका कमी, नाट्य मात्र पूर्ण आहे: एक ओलेते बाळ थांबते, हात चाटते, पाय रोवते, पुन्हा थांबते, आणि शेवटी तोंड आ करून पोहोचते. तरीही 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुले 41.8 टक्केच होती. उरलेल्यांचा पहिला तास कोठे गेला? काही शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ, काही वजनकाट्यावर, आणि काही अजूनही मधाच्या बोटाशी.

आज एखादे नवजात मूल स्तन धरत नसेल तर जाणती परिचारिका काय करते, हे ह्या इतिहासाच्या उजेडात पाहण्यासारखे आहे. ती प्रथम मुलाला तपासून घेते. टाळू फाटलेला आहे का, जिभेखालचा पडदा जीभ बांधून ठेवतो का, तोंडात दुखते का, कावीळ किंवा गुंगी आहे का. काल पिणारे मूल आज ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग गार किंवा तापलेले असले तर ती प्रयोग करीत बसत नाही, लगेच डॉक्टरला बोलावते. जुन्यांची भीती येथे अजून कामाची आहे. एरवी ती घाई करीत नाही. खोलीतील माणसे बाहेर काढते. मुलाचे कपडे उतरवून त्याला आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण घालून ठेवते. आईला रेलून बसवते. मुलाची मान मागून दाबत नाही, कारण डोके ढकलले की मूल उलट मागे रेटा देते. पाठीला व खांद्यांना आधार देऊन ती त्याचे नाक बोंडासमोर आणते, हनुवटी आधी टेकू देते, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबते, आणि केवळ बोंड नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तोंडात जाऊ देते. असे धरले की नाक आपोआप मोकळे राहते. स्तन ताठ असेल तर आधी थोडे दूध हाताने पिळते आणि त्याचा थेंब मुलाच्या ओठांना लावते.

आणि तरीही ते प्यायले नाही तर? तेव्हा त्याला उपाशी ठेवत नाहीत आणि बाटलीकडेही वळत नाहीत. दर दोन-तीन तासांनी आईचे दूध हाताने पिळून वाटीने, चमच्याने किंवा चोचीच्या भांड्याने पाजतात. बोंडले आता चांदीचे उरलेले नाही, स्टीलचे आणि उकळून घेतलेले असते. मूल अर्धवट झोपेत, भुकेने रडू लागण्याच्या आधी, तोंड चाळवू लागले की त्याला पुन्हा छातीवर ठेवतात. कधी ते दुसऱ्या दिवशी धरते, कधी आठव्या. तोवर आईचे दूध निघत राहिले पाहिजे आणि मुलाच्या पोटात जात राहिले पाहिजे.